ग्रिलमधला मांसाहारी

कागद दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय त्र्यंबक पेंडुरकर यांनी आयुष्यात कशावरही सही केलेली नाही. अठ्ठावीस वर्षं ते ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोमागे, एका निमसरकारी मंडळाच्या आवक-जावक टेबलावर बसताहेत, आणि एवढ्या काळात त्यांनी काही हजार अर्जदारांना एकाच वाक्याने परत पाठवलं आहे : "खाली 'मागे पहा' छापलंय. पाहिलंत?" अर्जदार कागद उलटतो, ओशाळतो आणि सोमवारी पुन्हा येतो. त्र्यंबकरावांच्या मते या देशाच्या निम्म्या अडचणी कागदाच्या मागच्या बाजूला पडून आहेत.

त्यांच्या पत्नीचं, मंजुळाबाईंचं, म्हणणं थोडं वेगळं आहे. "अर्ज वाचतात हो दोन्हीकडून. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला सांगा. परवा, परवाचंच दूध घेऊन आले."

तर जुलै संपता संपता एका संध्याकाळी त्यांची मुलगी प्राची कोपर स्टेशनजवळच्या घरी आली ती हातात स्टीलचं ताट धरून. ती कल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. ताटात पाणी होतं, पाण्यात कुंडी होती आणि कुंडीत लाल माती.

"बाबा, कीटकभक्षी वनस्पती," ती म्हणाली. "गणपतीपर्यंत सांभाळायची."

त्र्यंबकराव दोन पावलं मागे सरले. मग चष्मा लावून पुढे झाले. "कुठाय?"

"ही काय."

मातीला चिकटून दोन रुपयांच्या नाण्याएवढं काहीतरी बसलं होतं. बारीक पानं, पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता चिकट थेंब. याचं नाव दवबिंदू. कोकणात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, पावसाळ्यात येतं. थेंबाला मध समजून चिलट बसलं की चिकटतं, पान हळूहळू मिटतं आणि पुढचं चिलटाला कळत नाही.

"तुमच्या गावच्या सड्यावर पण असणार," प्राची म्हणाली. त्र्यंबकराव सातवीपर्यंत रोज तो सडा तुडवत शाळेत गेले होते. आपल्या पायाखाली अशी किती गेली असतील, या विचाराने त्यांना पस्तीस-चाळीस वर्षं उशिरा अपराधी वाटलं.

"पण झाडाने किडे खायची गरज काय?"

"कातळावर माती बोटभर. त्यातला कस पावसाने धुऊन जातो. मुळांना काही मिळतच नाही, मग वरून खातं."

हे त्र्यंबकरावांना लगेच समजलं. मूळ पगारात भागत नाही म्हणून वरचं खाणारी मंडळी त्यांच्या बघण्यात होती. फरक एवढाच, की ती चांगल्या सुपीक जमिनीत बसूनही खायची.

"कॉलेजच्या हरितगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलंय," प्राची सांगत होती. "मी उद्या रत्नागिरीकडे फील्डवर्कला चालले. सड्यावर रेंज नसते. बाकीची सगळी रोपं कुजली, हे एकच उरलंय." मग बापाकडे बघून हळूच म्हणाली, "माझं वर्ष याच्यात आहे, बाबा."

पेंडुरकरांनी कुंडी घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. कारण या घरात तोवर त्यांच्या हातून तीन तुळशी, एक मोगरा आणि एक कोरफड गेली होती. तुळस जाते एकवेळ. कोरफड मारायला अंगात काहीतरी असावं लागतं.

प्राचीने एका कागदावर सूचना लिहून तो फ्रिजवर चुंबकाने लावला. १. नळाचं पाणी नाही, फक्त पावसाचं. २. खत नाही. ३. ऊन हवं. ४. ताटात दोन बोटं पाणी कायम. ५. हात लावू नका. ६. खायला घालू नका, ते स्वतःचं बघतं. खाली कोपऱ्यात एक बारीकसा बाण होता. हल्ली पोरं कागदावर काहीतरी चितारतच असतात. त्र्यंबकरावांनी सूचना पाच वेळा वाचल्या आणि दुसऱ्या दिवशी कागद फायलीत घालून झेरॉक्सवाल्याकडे नेला. कागद कडक राहावा म्हणून मागे पुठ्ठा घालून लॅमिनेट करून घेतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, टाइलवर, डबल टेपने असा बसवला की इमारत पाडल्याशिवाय निघू नये.

पहिली हरकत घरातूनच आली.

"उद्यापासून श्रावण," मंजुळाबाई म्हणाल्या. "माझ्या घरात श्रावणात मांसाहार होणार नाही."

"अगं, ते झाड आहे."

"झाड असू दे नाहीतर जावई. अंडं आणत नाही आपण घरात, आणि हे दिवसाढवळ्या जीव खाणार?"

शेवटी त्र्यंबकरावांना नोकरीतला अनुभव कामी आला. सोसायटीचा सेक्रेटरी साईनाथ याने खिडकीबाहेरची लोखंडी ग्रिल हा घराचा भाग नसून अनधिकृत वाढीव काम आहे, असं त्यांना तीन नोटिसांत लिहून दिलं होतं. आजवर त्र्यंबकराव त्या नोटिसांना कडाडून विरोध करत आले होते. आता त्यांनी तिन्ही नोटिसा काढून बायकोपुढे ठेवल्या. "वाच. ग्रिल घरात धरत नाहीत."

मंजुळाबाईंनी वाचल्या. कुंडी ग्रिलमध्ये गेली. पण सोमवार आणि शनिवार हे दोन वार त्यांनी सोडले नाहीत. जुन्या मच्छरदाणीची जाळी कापून त्यांनी एक टोपी शिवली, आणि त्या दोन दिवशी कुंडीच्या गळ्याभोवती ती नाडीने बांधली जाऊ लागली. पृथ्वीतलावर उपास धरणारं ते बहुधा पहिलंच मांसाहारी झाड असावं.

मांसाहारी झाड आल्याची बातमी चार दिवसांत दोन्ही विंगांत पसरली. माणसं बघायला यायची, खिडकीशी वाकायची आणि चेहरा पाडून सरळ व्हायची.

"हे?"

"हो."

"हे खातं?"

"चिलटं."

"आम्हाला वाटलं निदान उंदीर तरी." आणि चहा घेऊन जायची. त्र्यंबकरावांना दर वेळी उगीचच आपलाच आकार कमी पडल्यासारखं वाटायचं.

खरा रस घेतला तो तळमजल्यावरच्या काळुराम भोईरांनी. ही इमारत उभी आहे ती त्यांच्या भातखाचरावर. त्यामुळे इमारतीतल्या कुठल्याही घरात ते शेतात शिरावं तसे शिरतात. त्यांनी झाडाकडे नुसतं बघितलं आणि हसले.

"आरं, ह्यो आमचे बांधावर यवाचा! ह्याला कशाला सांबालता? पावसान येतं न् भात पोसवाला लागला का आपला आपला जातं."

"जातं म्हणजे?"

"जातं म्हंजे जातं. न् परत येतं. पर तुमचा लय बारीक हाय. जवला टाका जरा."

लॅमिनेट केलेल्या कागदावर 'जातं, परत येतं' असं कुठेच नव्हतं. शिवाय जो माणूस श्रावणात सुका जवळा, म्हणजे वाळवलेली इवली कोळंबी, घालायला सांगतो त्याचं शास्त्र कितपत धरायचं? त्र्यंबकरावांनी मान डोलवली आणि विषय सोडून दिला.

काळुरामांनी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव ऑफिसातून आले तर झाडाच्या मधोमध एक सुका जवळा आडवा पडलेला, झाडापेक्षा लांब. चार पानं त्याला कवटाळून बसलेली आणि ग्रिलला सुकटीचा वास. मंजुळाबाई देवळातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी नाकाला पदर लावला, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. आता जवळा काढावा तर सूचना पाच मोडते, ठेवावा तर सूचना सहा. पाच मोडल्याशिवाय सहा पाळता येत नव्हती, आणि याबाबत मार्गदर्शन मागवावं तर कार्यालय रेंजबाहेर. त्र्यंबकरावांनी बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला, श्वास रोखला आणि सात मिनिटांत जवळा काढला. त्याबरोबर एक पानही आलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आणि मग पाऊस थांबला.

श्रावणात उघडीप पडते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती आपल्या ताटातल्या दोन बोटांवर येते तेव्हा वेगळी वाटते. पाणी पहिल्या दिवशी दीड बोट झालं, तिसऱ्या दिवशी एक. पुढची सर वाया जायला नको म्हणून त्र्यंबकरावांनी गच्चीवर घरातली चौदा भांडी मांडली. त्यात लग्नात आलेली परातही होती. चौथ्या दिवशी भुरभुर झाली. चौदा भांड्यांत मिळून वाटीभर पाणी जमलं. ते त्यांनी गाळून आणलं, आणि तळाशी राहिलेल्या पाण्यात भर पडेल म्हणून भांडी तिथेच ठेवली.

ऑफिसात साहेबांच्या केबिनला एसी आहे. त्याची नळी मागच्या बोळात ठिबकते. नळाचं नसलेलं, क्षार नसलेलं पाणी दिवसभर गटारात जातंय, हे अठ्ठावीस वर्षांत प्रथमच त्र्यंबकरावांच्या लक्षात आलं. ते जेवणाच्या सुट्टीत बोळात बाटली धरून उकिडवे बसले असताना साहेब फोनवर बोलत मागच्या दाराने बाहेर आले.

"पेंडुरकर?"

"साहेब."

"काय करताय?"

अठ्ठावीस वर्षांची स्वच्छ सेवा डोळ्यांपुढून गेली. "मुलीचं शिक्षण, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी काही क्षण त्यांच्याकडे आणि बाटलीकडे बघितलं. संध्याकाळी शिपायाकरवी निरोप आला, की पिण्याच्या पाण्याची अडचण असेल तर लेखी कळवावं.

शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर साईनाथ होता. त्याच्या मागे डासनिर्मूलनाचा ठेका घेतलेल्या कंपनीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र आणि हातात फॉर्मचं पुस्तक. ओळखपत्रावर नाव होतं चांगदेव.

"पेंडुरकर, गच्चीवर चौदा भांडी तुमची?" साईनाथने विचारलं. "सात भांड्यांत अळ्या सापडल्या. सात! नोटीस सोसायटीच्या नावाने निघतेय. मागच्या वर्षी आपल्याला स्वच्छ इमारतीचं दुसरं बक्षीस होतं."

"ते झाडासाठी होतं," त्र्यंबकराव म्हणाले.

"काय खातं ते झाड?" चांगदेवने विचारलं.

"डास."

चांगदेवने फॉर्मचं पुस्तक काखेत धरलं. मग वाकून त्याने ग्रिलमधलं ताट बघितलं, बॅटरी मारली आणि खिशातून पेन काढलं. "ह्याच्यात पण दोन अळ्या हायेत, काका."

शनिवार असल्यामुळे झाडाला जाळी बांधलेली होती. अळ्यांतून निघणारे डास जाळीबाहेर आणि त्यांना खाणारा जाळीच्या आत, अशी एकूण व्यवस्था होती.

"साचलेल्या पाण्याचा प्रकार," चांगदेव फॉर्म भरू लागला. "टाकी, टायर, कूलर, कुंडीखालची बशी. काय टाकू?"

"यातलं काही नाही. ती दलदल आहे. त्याचा अधिवास आहे तो."

"अधिवासाचा रकाना नाय, काका. बशी टाकतो."

त्र्यंबकरावांना नोटीस मिळाली. एवढ्या अपमानातही हात सवयीने चालला. त्यांनी ती पुढून वाचली, उलटली, आणि गेल्या दोन आठवड्यांत प्रथमच त्यांच्या आवाजाला धार आली. "इथे खाली 'सूचनांसाठी मागे पहा' छापलंय. मागे कोरं आहे. ही नोटीस सदोष आहे."

"छापायचं राहिलं असेल."

"राहिलं असेल? अहो, माणसाने मागे बघायचं आणि तिथे काही नसायचं, याला अर्थ काय? मी अठ्ठावीस वर्षं लोकांना हेच सांगतोय. कागदाला मागची बाजू असते!"

"काका," चांगदेव शांतपणे म्हणाला, "पाणी ओता."

ताटातलं पाणी ओतलं, ताट घासलं, बाटलीतलं एसीचं पाणी नव्याने भरलं. आता रोज पाणी बदलायचं, म्हणजे रोज बाटली, रोज बोळ. साईनाथने सूचनाफलकावर नोटीस लावली आणि खाली लाल शाईत 'फ्लॅट ३०४ मुळे' असं लिहिलं. लिफ्टमध्ये लोक त्र्यंबकरावांना बघून हात खाजवू लागले.

पण झाडाने मान राखली. मधून एक बारीक दांडा वर आला आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढं पांढरं फूल उमललं. मग दुसरं, मग तिसरं. त्र्यंबकराव रोज सकाळी दात घासायच्या आधी खिडकीशी जाऊन थेंब मोजू लागले. त्याच आठवड्यात प्राचीचा फोन लागला. मागे वारा घोंघावत होता.

"बाबा! फूल आलं का?"

"आलं! तीन आली!"

"मस्त! आता ऐका, महत्त्वाचं..." आणि सड्याने तिला परत घेतलं.

महत्त्वाचं काय, हे न कळलेल्या माणसाची झोप कशी असते ते सांगायला नको. त्यात चार दिवसांनी बाहेरचं एक पान काळं पडलं. मग दुसरं. थेंब आटले. मोजणी त्रेसष्टवरून चाळीसवर आली, चाळीसवरून अकरावर. पहिल्या दिवशी त्र्यंबकरावांनी हौसेने झाडाचे चाळीस फोटो काढले होते. त्यातला एकेक ते आता रोज प्राचीला पाठवू लागले. रेंज मिळाली की तिकडून अंगठा यायचा. आयुष्यात खोटा दाखला न दिलेला माणूस रोज सकाळी मुलीला जुन्या तारखेचं झाड पाठवत होता.

"माझ्यामुळेच," ते म्हणायचे. "चिमट्याने पान तोडलं तेव्हाच त्याने धसका घेतला."

मंजुळाबाईंचा राग केव्हाच उतरला होता. नवऱ्याने झाडापायी दोन किलो वजन घालवल्यावर राग तरी किती धरायचा? "आजारी आहे ते," त्यांनी निदान केलं. "आजाऱ्याला खायला घालत नाहीत. लंघन करू दे." आणि त्यांनी जाळी बांधली ती कायमची. वाऱ्याने निघू नये म्हणून नाडीला निरगाठ मारली.

लंघनाचा उपयोग झाला नाही. श्रावण संपला त्या अमावास्येला अखेरचा थेंब गेला. दोन रुपयांच्या नाण्याच्या जागी काळी चिंधी आणि तिच्यातून वर आलेला वाळका दांडा. काळुराम सहज डोकावले आणि म्हणाले, "जेला ना? बोल्लो व्हतो मी." त्र्यंबकरावांनी त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना चहा विचारला नाही.

प्राची हरतालिकेच्या आदल्या दिवशी येणार होती. त्र्यंबकरावांनी रजा टाकली आणि टेबलाशी बसून एक कागद लिहिला. 'विषय : रोप दगावल्याबाबत खुलासा.' त्यात तारीखवार सगळं होतं. जवळा, चिमटा, एसी, नोटीस, शेवटी जुने फोटोही. 'सदर बाबीस मी सर्वस्वी जबाबदार असून तुझं वर्ष वाया गेल्याबद्दल' इथपर्यंत आल्यावर त्यांना पुढचं सुचेना. मग त्यांनी तिथेच पूर्णविराम दिला आणि खाली सही केली.

प्राची आली, उन्हाने रापलेली, बुटांना लाल माती. तिने सॅक टाकली आणि विचारलं, "कुठाय?"

त्र्यंबकरावांनी एका हाताने कुंडी पुढे केली, दुसऱ्या हाताने खुलासा. मंजुळाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "त्यांना काही बोलू नकोस हं," त्या आधीच म्हणाल्या. "महिनाभर एसीखाली बसलेत ते."

प्राचीने कुंडी घेतली. काळ्या चिंधीकडे तिने बघितलंही नाही. ती जाळीकडे बघत राहिली.

"ही कोणी बांधली?"

"मी," मंजुळाबाई म्हणाल्या. "श्रावण होता ना."

"आई, यू आर ग्रेट! ग्रिलमधल्या वाऱ्याने सगळं खाडीपर्यंत उडून गेलं असतं." तिने खुलाशाचा कागद उलटा करून टेबलावर पसरला, निरगाठ कात्रीने कापली आणि जाळी हलकेच झटकली. मग वाळका दांडा वाकवून टिचकी मारली. कोऱ्या बाजूवर मिरपुडीपेक्षा बारीक काळे कण सांडले. प्राचीने श्वास रोखून ते एकत्र केले. "निदान दोनशे तरी असतील. बास. झालं माझं काम."

"हे काय?" त्र्यंबकराव म्हणाले.

"बी, बाबा. हेच तर हवं होतं. आता हे रुजवून बघायचं."

"पण ते मेलं, प्राची."

"मरणारच ना. लिहिलेलं की मी."

"कुठे?"

"कागदावर."

"कागद मला पाठ आहे," त्र्यंबकराव ताठ होत म्हणाले. महिनाभरात प्रथमच त्यांच्या पायाखाली घट्ट जमीन आली होती. "सहा सूचना. एकीतही तसं नाही. चल, दाखवतो."

ते तिला टाइलपाशी घेऊन गेले. प्राचीने कागद बघितला, प्लास्टिक बघितलं, पुठ्ठा बघितला. मग वडिलांकडे बघितलं. तिने स्वयंपाकघरातली सुरी घेतली, टाइलवरून चौकट खरवडून काढली, कात्रीने कडा कापल्या आणि पुठ्ठ्यापासून कागद सोडवून त्यांच्या हातात उलटा दिला.

मागच्या बाजूला एकच ओळ होती. 'सूचना ७. फुलं येऊन गेली की हे झाड मरतं. जाळी बांधून बी धरा आणि कुंडी फेकून द्या.'